त्वचेचा वर्ण आणि यंत्राची दृष्टी

माणसाच्या वर्णासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा ही श्रेणी लग्नाच्या बैठकीपासून कादंबरीच्या पानापर्यंत सर्वत्र वावरत आली आहे. ती केवळ वर्णनाची नसून मूल्यमापनाचीही आहे, हे आपण मनोमन जाणतो. परंतु माणसाची प्रतिमा घडविणाऱ्या यंत्रांनीही अशीच एक श्रेणी नकळत बाळगली आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

गुरुग्राम येथे २०१९ साली उघडलेल्या ‘म्यूझिओ कॅमेरा’ या संग्रहालयात हिंडताना हा विचार प्रकर्षाने सुचतो. छायाचित्रकार आदित्य आर्य यांनी जमविलेले जुने कॅमेरे तेथे मांडले आहेत. आज माणसाची प्रतिमा निर्माण करावयास कॅमेऱ्याचीही गरज उरलेली नाही. संगणकाच्या पडद्यावर मुळात अस्तित्वातच नसलेला मनुष्य उभा करता येतो. मात्र त्याला जिवंत त्वचा देणे हे त्या कामातील सर्वांत अवघड अंग होय. या खटपटीचा इतिहास पाहू लागलो, तर आपल्याकडील आरंभ महाराष्ट्रातच सापडतो.

राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागे. गालाची लाली, कपाळाचा उजाळा, गळ्याखालची छाया हे सारे बारीक ठिपक्यांनी दगडावर उतरवून एकावर एक छापले जाई. दुरून पाहता ठिपके विरून जात आणि त्वचेचा भास होई. हे कौशल्य असामान्य होते यात शंका नाही. परंतु त्याबरोबरच एक विशिष्ट वर्ण घरोघरी पोहोचला. सरस्वती शास्त्राप्रमाणेही शुभ्रच; पण जिच्या सावळ्या वर्णामुळे महाभारताने जिला ‘कृष्णा’ म्हटले, ती द्रौपदीही रविवर्म्याच्या चित्रांत उजळ वर्णाचीच झाली.

या छापखान्यासाठी काम केलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढे आणला. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे तांबूस किंवा तपकिरी त्वचा पडद्यावर असावी त्याहून काळवंडलेली उमटे. म्हणून जगभरचे नट चेहऱ्यावर रंगाचा जाड लेप चढवीत. यंत्राची उणीव अशी माणसाच्या चेहऱ्यावर लिंपली गेली!

रंगीत फिल्म आल्यावर ही उणीव मिटावयास हवी होती. परंतु तिने निराळे रूप घेतले. कोडॅक कंपनी छायाचित्रे धुणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळविण्यासाठी एक नमुनाचित्र पाठवीत असे. त्यावर गोऱ्या तरुणीचा चेहरा असे. पहिल्या तरुणीच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची त्वचा योग्य दिसली म्हणजे यंत्र योग्य, असा तो हिशेब. निरनिराळ्या वर्णांचे चेहरे एकत्र असलेली नमुनाचित्रे १९९० नंतरच्या दशकात आली.

मग संगणकाचे युग आले. आरंभीचे संगणकनिर्मित चेहरे प्लास्टिकच्या बाहुलीसारखे दिसत. कारण त्वचा म्हणजे रंगविलेला पृष्ठभाग, अशी समजूत होती. वस्तुतः त्वचेवर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ ते ७ टक्केच वरच्यावर परततो. उरलेला आत शिरतो, थराथरांतून विखुरतो, रक्ताची लाली घेतो आणि शिरला त्याहून थोड्या अंतरावर बाहेर पडतो. दिव्यासमोर हात धरला असता बोटांच्या कडा लाल का दिसतात, याचे उत्तर यातच आहे. हेन्रिक वान येन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली या विखुरण्याचे सुटसुटीत गणित मांडले. पुढल्याच वर्षी पडद्यावर आलेल्या ‘द टू टॉवर्स’ चित्रपटातील गॉलमच्या त्वचेत या तत्त्वाचा उपयोग झाला. आज त्यावर रंध्रे, सुरकुत्या, तेलकटपणा यांचे निरनिराळे थर चढविले जातात.

परंतु इतिहास येथे संपत नाही. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य आत शिरलेला बराच प्रकाश शोषून घेते. त्यामुळे आतून येणारी आभा मंदावते आणि पृष्ठभागावरची झळाळी अधिक उठून दिसते. वरून परतणारे ४ ते ७ टक्के दोन्हींत सारखेच. त्यांचे महत्त्व तेवढे बदलते. येल विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ थिओडोर किम यांनी २०२० साली नेमके यावर बोट ठेवले. आतल्या आभेलाच मानवी त्वचेचे सार मानणे म्हणजे गोऱ्या त्वचेला सर्वांची त्वचा समजणे होय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

हा आक्षेप महत्त्वाचा आहे. गणित खोटे नव्हते. प्रश्न निवडताना नजर एकाच बाजूला होती. शिळेवरील ठिपके, फिल्म, शर्ली कार्ड आणि संगणक या चारही ठिकाणी चूक एकाच जातीची आहे. आधी एक चेहरा प्रमाण मानावयाचा आणि मग इतरांना त्याचे अपवाद ठरवावयाचे! यापुढे बँकेत, कचेरीत वा शाळेत पडद्यावरचा माणूस आपल्या मुलांशी बोलेल. तो कोणत्या वर्णाचा असावा हे कोणीतरी ठरवणारच. गुरुग्रामच्या काचेच्या इमारतींतून काम करणाऱ्या तरुणांना त्यात वाटा उचलता येईल.

ज्या महाराष्ट्राने आपल्या सर्वांत लाडक्या दैवताला सावळा म्हणूनच आळविले, त्याला तरी सावळी त्वचा ही उणीव वाटू नये. ती यथातथ्य रेखाटणे म्हणजे कोणावर उपकार नव्हेत. जे आहे ते नीट पाहणे, एवढेच ते आहे.