बेपत्ता माणसाची वाट

मराठीत आपण ज्याला 'बेपत्ता' म्हणतो, त्याला उर्दूत 'लापता' म्हणतात आणि फिक्हच्या किताबांत 'मफ्कूद'. मफ्कूद म्हणजे ज्याची काहीच खबर नाही, जो जिवंत आहे की मेला हे कुणालाच ठाऊक नाही, असा माणूस. मेलेल्या माणसासाठी प्रत्येक समाजाकडे रीत असते. गुस्ल, जनाजा, दफन, बायकोची इद्दत, वारसांची वाटणी. बेपत्ता माणसाच्या घरच्यांना यातले काहीच करता येत नाही. त्यांनी फक्त वाट पाहायची. ही वाट किती काळ पाहायची, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी फार गंभीरपणे घेतला होता.

हनफी फिक्हप्रमाणे मफ्कूदच्या बरोबरीच्या वयाची माणसे जगातून जाईपर्यंत त्याला जिवंत धरावे. त्याच्या जन्मापासून नव्वद वर्षे, असेही एक मत प्रसिद्ध आहे. मालिकी फिक्हने मात्र हजरत उमर यांच्या निवाड्याचा आधार घेऊन बायकोसाठी चार वर्षांची मुदत ठेवली. हिंदुस्थानातले बहुसंख्य मुसलमान हनफी. त्यामुळे नवरा बेपत्ता झालेली तरुण बाई अख्खी जिंदगी अडकून पडे. निकाहातून सुटण्यासाठी काही बायका धर्मच सोडू लागल्या, तेव्हा उलेमांना जाग आली. मौलाना अशरफ अली थानवी यांनी 'अल-हीलतुन्नाजिजा' या पुस्तकात अशा बायकांसाठी मालिकी मताचा दरवाजा उघडला. पुढे काझी मुहम्मद अहमद काझमी यांनी मांडलेल्या विधेयकातून १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. नवऱ्याचा चार वर्षे पत्ता नसेल तर बायकोला न्यायालयात निकाह तोडून मागता येतो. त्या हुकुमाचा अंमलही सहा महिने थांबतो, न जाणो तो परत आला तर!

देशाच्या सर्वसाधारण कायद्याची मुदत सात वर्षांची आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात ती होती आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. ज्यांना खबर मिळायला हवी होती त्यांना सात वर्षे काहीच कळले नाही, तर तो माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते.

चार वर्षे आणि सात वर्षे. जहाज बुडे, काफिला लुटला जाई, लढाईवर गेलेला परतत नसे, तेव्हा शोधायला जाणार कोण आणि कुठे? म्हणून जुन्या लोकांनी काळालाच साक्षीदार केले. आमच्या वांगणीत राहून हा इतिहास वाचताना मात्र नजर चंदेरीच्या सुळक्याकडे जाते. रविवारी लोकलमधून पाठीवर पिशव्या लावलेली पोरे उतरतात आणि चिंचवलीच्या बाजूने डोंगराला लागतात. स्टेशनवर लोकलचा भोंगा वाजत असतो आणि तेवढ्यात वर घसाऱ्याच्या नाळेत धुके उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. बेपत्ता व्हायला आता समुद्रापार जावे लागत नाही.

अशा माणसाला सह्याद्रीत शोधते कोण? सरकारी यंत्रणा आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर २००६ साली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले आणि त्याची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. पण डोंगर त्याआधीही माणसे गिळत होता. जुलै १९६२ मध्ये अलिटालिया कंपनीचे विमान मुंबईला उतरण्याआधी जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि आतली ९४ माणसे गेली. ऐन पावसाळ्यात अशा जागी पोचायचे तर गावकऱ्याच्या पायवाटेशिवाय दुसरा रस्ता नसतो. ठाकर, कातकरी, धनगर हेच या डोंगराचे पहिले शोधपथक. त्यांच्या जोडीला गेल्या काही दशकांत गिर्यारोहकांच्या संस्था आल्या. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स अशी त्यांची नावे. २०१६ पासून महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर या पथकांना एकमेकांशी जोडून देते. ही मंडळी नोकरी-धंदा सांभाळून, पगाराविना, दोर खांद्यावर टाकून निघतात.

त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. पहिला प्रश्न असतो, माणूस शेवटचा कुठे दिसला? तिथून वर्तुळ वाढवत जायचे. मोबाईलने शेवटचा टॉवर कुठला पकडला ते पोलिसांकडून घ्यायचे. गुराख्याला विचारायचे, कारण कुठली ढोरवाट माणसाला चकवते हे त्याला ठाऊक असते. मग नाळा आणि ओढे तपासायचे. वाट चुकलेला माणूस बहुधा पाण्याच्या वाटेने खाली उतरू पाहतो आणि सह्याद्रीत पाण्याची वाट पुष्कळदा उभ्या कड्यावर जाऊन संपते. मे २०२२ मध्ये लोणावळ्याच्या नागफणी परिसरात बाहेरगावचा एक तरुण हरवला. वाट चुकल्याचे त्याने घरी फोनवर सांगितले, मग फोन बंद पडला. पोलीस, आपत्ती दल आणि शिवदुर्गची पोरे दरी धुंडाळत राहिली. चार दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. घरच्यांचे दुःख कुणी हलके करू शकले नाही. पण त्यांना मय्यत मिळाली, कबर मिळाली. चार वर्षांचा प्रश्न चार दिवसांत मिटला.

माणसे कुठे आहेत हे माहीत असले तर काय फरक पडतो, ते आमच्या गावाने पाहिले आहे. २७ जुलै २०१९ च्या पहाटे उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली. आत सुमारे १,०५० प्रवासी. चामटोलीचे गावकरी, आपत्ती दल, नौदल सगळे थेट तिथेच पोचले आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले.

याच्या उलट इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या ठाकरांच्या त्या वाडीवर डोंगर कोसळला. रस्ता नाही, फक्त चढणीची पायवाट. मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत, हातांनी चिखल उपसावा लागला. २७ मृतदेह मिळाले. २३ जुलैला शोध थांबला, तेव्हा ५७ माणसे बेपत्ताच होती. अशा सामूहिक आपत्तीत सरकार सात वर्षे थांबायला लावत नाही. २०२१ च्या चमोलीतील पुरानंतर उत्तराखंडने बेपत्तांना मृत घोषित करण्यासाठी अधिसूचनाच काढली होती. पण एकट्याने हरवलेल्या माणसासाठी अशी अधिसूचना निघत नाही. त्याच्या बायकोपुढे चार वर्षे उभी असतात, वारसांपुढे सात. ती कमी करण्याची ताकद फक्त शोधणाऱ्याच्या पायांत असते.

मय्यत मिळण्याला आपल्याकडे आणखी एक अर्थ आहे. हनफींच्या मते जनाजाच्या नमाजसाठी मय्यत समोर हवी. शाफई, म्हणजे आपले कोकणी मुसलमान, गायबाना नमाज मानतात. पण तीही मौतची खात्री झाल्यावर. खात्रीच नसेल तर दोघांचेही हात बांधलेले.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. डोंगरावर जाणाऱ्या पोराने कोणत्या वाटेने जाणार आणि कधी परतणार हे घरी लिहून ठेवावे. परतायची वेळ टळली तर घरच्यांनी अब्रूचा विचार करत सकाळची वाट पाहू नये. तक्रारीआधी चोवीस तास थांबायचे, असा कोणताही कायदा नाही. आणि दुसरी गोष्ट. मय्यतीचे गुस्ल, नमाज, दफन हे फर्जे किफाया आहे, हे आम्ही वर्गात शिकवतो. काहींनी केले तर सर्वांच्या माथ्यावरून उतरते, कुणीच केले नाही तर सगळेच गुन्हेगार. दरीतून मय्यत वर आणल्याशिवाय हे फर्ज सुरूच होत नाही, आणि ते पहिले काम आज कातकरी, ठाकर आणि दोर घेतलेली ही पोरे करत आहेत, मय्यत कुणाची आहे हे न विचारता. त्यांच्या रांगेत आपल्या मोहल्ल्यातील पोरेही दिसावीत. दोराची गाठ मारायला ती शिकवतात, आणि शिकायला येणाऱ्यालाही ती कोण-कुठला हे विचारत नाहीत.