करवीरचा समुद्रातला किल्ला

कोल्हापुरातून एका दिवसात मालवण करून यायचा बेत निघाला की घरात दोन तट पडतात. पहाटे चारला गाडी काढायची, कळे, साळवण, असळज मागे टाकत गगनबावड्याला चहा घ्यायचा, करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे, कणकवली करत दीडशेहून अधिक किलोमीटरवरचं मालवण गाठायचं. सगळं सुरळीत झालं तरी चार तास जातात. त्यानंतर जेटीवरची रांग, होडी, आणि सिंधुदुर्ग किल्ल्यावर मिळणारा साधारण तासाभराचा वेळ. की परत तोच घाट, या खेपेला अंधारात. ‘एवढा प्रवास करून तासभर किल्ला? त्यापेक्षा सरळ तारकर्लीला जाऊ, समुद्रात खेळू, मासे खाऊ आणि फिरू मागे,’ असं कुणीतरी म्हणतंच. म्हणणाऱ्याचं चुकत नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असली तर हिशेब खरोखरच जड जातो.

पण सिंधुदुर्गाच्या बेटापर्यंत जाणं परवडतं का, हा प्रश्न कोल्हापूरला नवा नाही. करवीरच्या गादीने तो शंभर वर्षं सोडवला, ईस्ट इंडिया कंपनीने रोकड मांडून सोडवला, आणि दोघांची उत्तरं कागदोपत्री नोंदलेली आहेत.

कोल्हापूर हे घाटावरचं गाव, त्याचा समुद्राशी काय संबंध, असं वाटणाऱ्याने टाऊन हॉल संग्रहालयात एक चक्कर मारावी. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं. त्यात इतर वस्तूंबरोबर एक लहानशी कांस्यमूर्ती हाती लागली. ती पोसायडनची, म्हणजे ग्रीक-रोमन लोकांच्या समुद्रदेवाची. सातवाहनांच्या काळात, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी, परक्या गलबतातून कोकणच्या एखाद्या बंदरात उतरून, घाट चढून ती इथवर आली असणार. ज्या गावाला समुद्र दिसतसुद्धा नाही त्या गावात समुद्राचा देव सापडावा, यावरून घाटवाटांवरची वर्दळ किती जुनी असेल याची कल्पना येते. पुढच्या काळात याच वाटांनी बैलांच्या तांड्यांवरून घाटावरचं धान्य, गूळ आणि तंबाखू खाली उतरत होती; मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर चढत होती. एकोणिसाव्या शतकात फोंड्यासारख्या घाटांतून गाडीरस्ते झाले. रेल्वे मिरजेहून कोल्हापुरात आली ती १८९१ मध्ये. तोवर मोठा माल बाहेर काढायचा तर बंदर हा महत्त्वाचा मार्ग होता.

शिवाजी महाराजांनी मालवणसमोरचं कुरटे बेट निवडलं ते १६६४ मध्ये. त्याच वर्षाच्या जानेवारीत सुरतेची लूट झाली होती. जंजिऱ्याचा सिद्दी काही केल्या हटत नव्हता, गोव्यात पोर्तुगीज पाय रोवून होते, इंग्रजांची वखार सुरतेत होती. दर्यावर हुकूमत हवी तर आपला पक्का जलदुर्ग हवा, हे स्पष्ट होतं. २५ नोव्हेंबर १६६४ या दिवशी मुहूर्ताची पूजा झाली. मालवणच्या किनाऱ्यावर ज्या खडकाशी ती झाली तो ‘मोरयाचा धोंडा’ म्हणून ओळखला जातो. त्यावर गणपती आणि चंद्रसूर्य कोरलेले आहेत. पुढची तीन वर्षं काम चाललं. बांधकाम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली झालं, आणि पायाच्या दगडांत शिसं ओतलं, असं परंपरा सांगते. ४८ एकरांच्या बेटाला भिंत घातली ती सुमारे तीस फूट उंच, बारा फूट रुंद आणि नागमोडी वळणांची, चाळीसहून जास्त बुरुजांची. खर्च एक कोटी होन झाला, असाही आकडा सांगितला जातो. तो जसाच्या तसा घेतला नाही तरी या उघड्या खडकावर डोंगराएवढा पैसा ओतला गेला, यात वाद नाही.

महाराजांनी इतका पैसा इथेच का घातला, याचं उत्तर होडीत बसल्यावर मिळतं. जेटीपासून किल्ला हाकेच्या अंतरावर दिसतो, पण होडी सरळ रेषेत जात नाही. भोवती पाण्याखाली खडपांचं जाळं पसरलेलं आहे, आणि त्यातून वाट कुठे हे तांडेलालाच माहीत. मोठं परकं जहाज इथे बेधडक घुसलं तर तळ फोडून घेईल. शिवाय बेटावर गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत पोहरा टाकला की पिण्याजोगं पाणी वर येतं. वेढा पडला तर किल्ला आधी तहानेने पडतो. हा पडणारा नव्हता.

करवीर गादीची आणि या किल्ल्याची गाठ पडली ती संकटात. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, आणि मराठ्यांच्या राज्यात शाहूंचा आणि महाराणी ताराबाईंचा असे दोन पक्ष झाले. पुढच्याच वर्षी शाहूंच्या फौजेने पन्हाळा घेतला. ताराबाई रांगण्याच्या किल्ल्यावर गेल्या. हा रांगणा आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यात, अगदी सह्याद्रीच्या कड्यावर आहे. तिथेही वेढा पडला, तेव्हा त्यांनी कोकणात उतरून सिंधुदुर्गाचा आसरा घेतला. बेटाच्या पश्चिमेला तटाच्या आड एक छोटीशी पुळण आहे. तिला ‘राणीची वेळा’ म्हणतात, आणि ते नाव ताराबाईंवरून पडल्याचं सांगतात. पुढे पन्हाळा परत मिळाला आणि तिथून करवीरचा कारभार सुरू झाला. घाटावरचं राज्य हातातून निसटत असताना पाठीशी उभा राहिला तो हा समुद्रातला किल्ला. कोल्हापूरच्या इतिहासात या गोष्टीला जेवढं मोल द्यायला हवं तेवढं दिलं जात नाही.

रामचंद्रपंत अमात्यांनी मात्र ते मोल ओळखलं होतं. त्यांची जहागीर बावड्याची, म्हणजे मालवणच्या वाटेवर आज जिथे चहाला गाडी थांबते त्या गगनबावड्याची. करवीरच्या दरबारात अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर वेगळं प्रकरण आहे. आरमाराला ते राज्याचं एक स्वतंत्र अंग मानतात. जहाजं पावसाळ्यात कशी ठेवावीत, लाकूड कुठून आणावं आणि त्यासाठी रयतेची झाडं का तोडू नयेत, इतक्या बारकाईने ते लिहितात. घाटमाथ्यावर बसलेल्या मंत्र्याला समुद्राची एवढी जाण होती, याचा कोल्हापूरकरांना अभिमान वाटायला हरकत नाही.

१७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि करवीर यांच्या हद्दी ठरल्या. सिंधुदुर्ग करवीरकडे राहिला. त्यानंतर मालवणच्या आरमाराचा दरारा असा वाढला की मुंबईकर इंग्रजांच्या कागदांत ‘मालवणी’ हे समुद्री लुटारूंचंच नाव होऊन बसलं. इंग्रजांच्या लेखी ती चाचेगिरी होती. करवीरच्या लेखी आपल्या पाण्यातून परवान्याशिवाय जाणारं जहाज अडवणं हा राज्याचा हक्क होता. दोन्ही बाजू कागदांवर आहेत, पण पुस्तकं बहुधा इंग्रजांच्या कागदांवरून लिहिली गेली.

१७६५ मध्ये मुंबईहून मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांची मोहीम निघाली आणि किल्ला पडला. इंग्रजांनी त्याचं नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं. त्यांचा विचार तो कायम ठेवायचा होता. पण शिबंदी, डागडुजी आणि रसद यांचा खर्च मांडल्यावर उत्पन्नातून काहीच उरेना. पाडून टाकावा म्हटलं तर एवढा अजस्र कोट पाडायलाच केवढा खर्च! शेवटी १७६६ मध्ये करार होऊन किल्ला करवीरला परत मिळाला. व्यापारी जहाजांना त्रास न देण्याची हमी आणि ३,८२,८९६ रुपये, अशा अटी होत्या. त्या वेळी कोल्हापूरचा कारभार महाराणी जिजाबाईंच्या हाती होता. पती संभाजी महाराज १७६० मध्ये वारले होते, दत्तक राजपुत्र लहान होता, भोवताली पटवर्धन आणि पेशव्यांचा ताप होता. अशाही स्थितीत त्यांनी किल्ल्यावरचा दावा सोडला नाही. कंपनीला जो खडक परवडत नव्हता तो करवीरने पावणेचार लाखांहून जास्त रक्कम कबूल करून परत घेतला. कंपनीची वही नफ्यातोट्याची होती, आणि त्या वहीप्रमाणे तिचा निर्णय बरोबरच होता. जिजाबाईंचं राज्य मात्र घाटाखाली त्या बंदरावर उभं होतं. समुद्रावरची ती खिडकी बंद झाली असती तर करवीर चारी बाजूंनी कोंडलं गेलं असतं.

हा हिशेब १८१२ मध्ये बदलला. चिकोडी-मनोळीच्या मुलखावरून चाललेल्या भांडणाने आणि पेशव्यांच्या दाव्यांनी कोल्हापूर जेरीला आलं होतं. कंपनीने संरक्षणाची हमी दिली आणि मोबदल्यात मालवण बंदर मागितलं. सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट, सगळं गेलं. कोल्हापूरचं राज्य वाचलं, समुद्र सुटला.

किल्ला सुटला तरी देव सुटला नाही. सिंधुदुर्गात छत्रपती राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. शिवाजी महाराजांची मूर्ती देव म्हणून पुजली जाणारं इतकं जुनं ठिकाण दुसरं नाही. मूर्ती बसलेली आहे, चेहऱ्यावर दाढी नाही, आणि डोक्यावरचं शिरस्त्राण दर्यावर्दी माणसाच्या टोपीसारखं आहे. चित्रांत पाहिलेले महाराज डोळ्यांपुढे ठेवून आलेला माणूस इथे क्षणभर गोंधळतो. या मंदिराच्या पूजेअर्चेची नेमणूक करवीर दरबाराने पुढेही चालू ठेवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजर्षी शाहू महाराजांनी मंदिरापुढे सभामंडप बांधून दिला. तो मंडप आजही उभा आहे. कोल्हापूरहून गेलेल्या प्रत्येकाने त्याच्या खांबांशी पाच मिनिटं थांबायला हवं. तिथे बहुतेक जण गाभाऱ्यातली मूर्ती पाहतात आणि लगेच मागे फिरतात.

तासाभरात काय हाती लागतं, तेही सांगायला हवं. होडी वाळूला लागते तेव्हाही दरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या बगलेतून वळून पुढे गेलं की अचानक समोर येतो. आत मारुती आहे. दरवाजाजवळच्या तटावर दोन लहान घुमट्या आहेत, त्यांत चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा. पुढे जरीमरी, शिवराजेश्वर, महादेवाचं देऊळ आणि विहिरी. वाटेत नांदती घरं लागतात. काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्यात राहतात. इथवर तास संपतो, आणि होडीवाला हाक मारू लागतो. पश्चिमेचा तट, जिथे उघडा समुद्र साडेतीनशे वर्षं भिंतीवर आदळतो आहे, तो राहून जातो. राणीची वेळा राहते. तटावरून पूर्ण फेरी तर तासात होतच नाही, ती सुमारे तीन किलोमीटरची आहे. म्हणजे घाई करणाऱ्याला शिवाजी महाराजांचा सिंधुदुर्ग थोडाफार दिसतो, ताराबाईंचा दिसत नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या यादीत पन्हाळा आहे आणि सिंधुदुर्गही. कोल्हापूरकराला एक किल्ला वीसेक किलोमीटरवर आहे आणि दुसरा घाटापलीकडे, आणि दोन्ही त्याच्याच गादीचे. त्यामुळे गर्दी वाढणार, हे उघड आहे. करूळ घाट २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी दीर्घकाळ बंद होता, तेव्हा फोंडा आणि भुईबावड्याच्या वाटेने वळसा घालावा लागत होता. निघण्यापूर्वी घाटाची चौकशी करणं ही सवयच लावून घ्यावी.

तर प्रश्नाचं उत्तर असं: एका दिवसात सिंधुदुर्ग करण्यात अर्थ नाही. आठ-नऊ तास गाडीत आणि एक तास किल्ल्यावर, हा व्यवहार खरंच तोट्याचा आहे. एवढाच वेळ असेल तर पन्हाळ्यावर दिवस घालवावा. पण दोन दिवस काढता येत असतील तर मालवणला जाण्याजोगी दुसरी सहल कोल्हापूरला नाही. रात्री मालवणात मुक्काम करावा, सकाळची पहिली होडी घ्यावी, आणि बसण्यापूर्वीच होडीवाल्याशी बोलून जादा पैसे देऊन दोन-अडीच तास ठरवून घ्यावेत. पायात धड चप्पल असावी, बरोबर पाणी असावं, आणि म्हाताऱ्या माणसांना मंदिराच्या मंडपात बसवून बाकीच्यांनी पश्चिमेच्या तटापर्यंत जाऊन यावं. पावसाळ्यात प्रवासी होड्या बंद असतात, तेव्हा बेत दसरा-दिवाळीनंतरचाच आखावा.