जाळ्याचे कारभारी



इतिहासावरच्या व्याख्यानाला यायचे म्हणजे लढाया, तह आणि गादीची भांडणे ऐकायची, अशी आपली जुनी सवय आहे. आज आम्ही ज्याच्याविषयी बोलणार आहोत, त्याने एकही लढाई मारलेली नाही. तो एखाद्या बँकेत, कॉलेजात किंवा नगरपालिकेच्या कचेरीत, कोपऱ्यातल्या थंड केलेल्या खोलीशेजारी बसतो. लोक त्याला 'ॲडमिन' म्हणतात. सारे सुरळीत चालले असले म्हणजे त्याची कोणास आठवण होत नाही. 'नेट गेले' एवढे दोन शब्द उच्चारले गेले, की मात्र शिपायापासून साहेबापर्यंत सगळी कचेरी त्याच्या दाराशी गोळा होते.

त्याचा दिवस आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळ साधा असतो. रात्री कोणता सर्व्हर बंद पडला ते पाहणे, पासवर्ड विसरलेल्यांस नवा करून देणे, उंदराने कुरतडलेली केबल बदलणे, संस्थेच्या संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत टळू न देणे, अशी ही कामे. यांतच आणखी एक काम आहे. या कचेरीतून कोणती संकेतस्थळे उघडावीत आणि कोणती उघडू नयेत, याची यादी त्याच्यापाशी असते. वाट दाखवणे आणि वाट अडवणे ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे, एकाच यंत्रावर आहेत. आजच्या विषयाचे सारे मर्म आमच्या मते एवढ्यातच आहे.

वाट दाखवण्याचे काम प्रथम आले. अमेरिकेत 1969 साली संगणकांचे जे पहिले मोठे जाळे जोडले गेले, त्यात सुरुवातीला संगणकच मोजके. प्रत्येकाचे नाव आणि आकडी पत्ता यांची एकच यादी होती व ती कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे. 1972 पासून पुढे ही कचेरी एलिझाबेथ फाइनलर या बाईंनी सांभाळली. त्यांचे शिक्षण रसायनशास्त्राचे. कोणास नवा संगणक जाळ्यात आणायचा असला, तर त्याने कामाच्या वेळेत त्यांच्या कचेरीत टेलिफोन करायचा. मग ते नाव यादीत चढायचे आणि बाकीचे सारे ती यादी आपापल्या संगणकावर उतरवून घ्यायचे. आज अब्जावधी लोक जे वापरतात, त्याचे दप्तर एके काळी एका कचेरीच्या टेबलावर मावत होते!

संगणक वाढले तशी ती यादी पुरेना. नोव्हेंबर 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची नवी व्यवस्था मांडली. तीत साऱ्या जगाची एक वही राहिली नाही. ज्याचे नाव त्याने सांभाळावे, आणि विचारणाऱ्याने पायरीपायरीने विचारीत जावे, अशी ती रीत. नावाचा प्रश्न सुटला. पण पत्ता कळला म्हणून वाट कळते असे नाही. एका जाळ्याने दुसऱ्या जाळ्यास 'अमुक पत्त्यांकडे जायचे तर माझ्याकडून जा' असे सांगायचे कसे, याची रीत 1989 च्या जानेवारीत टेक्सासमधील ऑस्टिन येथे एका बैठकीच्या वेळी ठरली. कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर या दोघा तंत्रज्ञांनी जेवणाच्या वेळी तिचा आराखडा कागदी रुमालांवर काढला. तीच रीत सुधारून वाढवून आजही चालू आहे. तिच्यात एक गोष्ट गृहीत होती, ती ही की सांगणारा खरे सांगतो. त्या काळी सांगणारे थोडे होते आणि बहुधा एकमेकांना ओळखत होते, त्यामुळे कोणास यात वावगे वाटले नाही.

आपल्याकडे सर्वसामान्य माणसाला हे जाळे ऑगस्ट 1995 मध्ये विदेश संचार निगमाने खुले केले. टेलिफोनच्या तारेवरून खरखर आवाज करीत जोडणी व्हायची आणि एखादे चित्र उघडेपर्यंत चहा होऊन जायचा. 1998 च्या नोव्हेंबरात खाजगी कंपन्यांस ही सेवा देण्याची परवानगी मिळाली. या प्रत्येक कंपनीत वाटा सांगणारा कोणी कारभारी बसला, आणि थोड्याच वर्षांत त्याच्या टेबलावर वाटा अडवण्याचे हुकूम येऊ लागले.

अडवणे हे काम किती अवघड आहे, याचा नमुना इंग्लंडने त्याआधीच पाहिला होता. लिंकनशायर परगण्यात स्कन्थॉर्प नावाचे पोलादाचे गाव आहे. 1996 साली एका मोठ्या अमेरिकन कंपनीच्या यंत्राने त्या गावच्या लोकांना खातीच उघडू दिली नाहीत. कारण काय, तर गावाच्या नावात सलग चार अक्षरे अशी येतात की त्यांचा इंग्रजीत अश्लील शब्द होतो. यंत्राला अक्षरे कळली, गाव कळले नाही. आपल्याकडेही दुसऱ्या भाषेत भलताच अर्थ होणारी आडनावे आणि गावे काही कमी नाहीत. तेव्हा आपण फार हसू नये हे बरे.

अमेरिकेत 2000 च्या डिसेंबरात कायदा झाला, की ज्या शाळांना आणि सार्वजनिक ग्रंथालयांना इंटरनेटसाठी केंद्राची मदत हवी, त्यांनी चाळणी बसवलीच पाहिजे. ग्रंथपालांच्या संघाने त्यातील ग्रंथालयांना लागू होणाऱ्या भागाविरुद्ध दावा लावला. 23 जून 2003 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. मात्र त्या निकालाचा एक मोठा आधार असा होता, की निर्दोष पान अडले असेल तर प्रौढ वाचकाने ग्रंथपालास सांगावे आणि त्याने ते मोकळे करून द्यावे. म्हणजे एवढ्या मोठ्या घटनात्मक प्रश्नाचा भार अखेर टेबलामागे बसलेल्या माणसावर आला. तो ऐकून घेईल आणि कळ फिरवील, तर स्वातंत्र्य आहे!

आपल्या देशात त्याच वर्षी, सप्टेंबर 2003 मध्ये, जे घडले त्यात अशी विनंती कोणाकडे करायची हेच लोकांना ठाऊक नव्हते. मेघालयातील एका बंदी घातलेल्या संघटनेशी संबंधित असा एक चर्चागट याहू कंपनीच्या जागेवर चालत असे. त्याचे सभासद अगदी मोजके. तो बंद करण्याचा हुकूम सेवा देणाऱ्या कंपन्यांना गेला. आता त्यांच्या कारभाऱ्यांपाशी हत्यार कोणते होते? एकाच पत्त्यावर हजारो गट नांदत होते, आणि त्यांच्या यंत्राला पत्ता तेवढा ओळखू येत होता. वाड्यातल्या एका बिऱ्हाडाला कुलूप लावायचे, पण हाती आहे ती दिंडीदरवाजाची कडी. त्यांनी ती घातली. देशातले सारे याहू गट, त्यांत आजाऱ्यांचे, विद्यार्थ्यांचे, परदेशी गेलेल्या मुलांच्या आईबापांचे जे कोणते असतील ते सगळे, सुमारे दोन आठवडे अडून राहिले.

तीनच वर्षांनी तेच पुन्हा झाले. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले. दोन दिवसांनी दूरसंचार खात्याने काही थोडी पाने अडवण्याचा आदेश काढला. पुष्कळ कंपन्यांनी ती पाने ज्या मोठ्या घरांत होती ती घरेच बंद केली. ब्लॉगस्पॉट हे त्यांतले एक. आणि मुंबईकरांना आपल्या माणसांची खबर लागावी, इस्पितळांची माहिती मिळावी म्हणून स्वयंसेवक जे 'मुंबई हेल्प' पान चालवीत होते, तेही ब्लॉगस्पॉटवरच होते. ओरड झाली. तेव्हा खात्याने खुलासा केला, की सांगितले होते तेवढेच अडवा, अधिक नव्हे. कंपन्यांचा गलथानपणा होता हे खरे, पण सारा दोष त्यांच्या माथी मारणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. हुकूम काढणाऱ्याला हत्यार ठाऊक नाही, आणि हत्यार चालवणाऱ्याला 'एवढे बारीक कापणे माझ्याने होत नाही, काय करू?' असे उलट विचारण्याची सोय नाही. ही तेढ त्या कारभाऱ्याच्या टेबलापेक्षा बरीच वर सुरू होते.

आता त्या रात्रीकडे येऊ, जिच्यासाठी आम्ही हा विषय घेतला.

22 फेब्रुवारी 2008 रोजी पाकिस्तानच्या दूरसंचार प्राधिकरणाने यूट्यूब अडवण्याचा हुकूम काढला. एक चित्रफीत धर्मनिंदा करणारी आहे, असे त्याचे म्हणणे. हुकुमात त्या चित्रफितीचे ठिकाण होते आणि यूट्यूबचे तीन आकडी पत्ते होते. फक्त तीन. तिथल्या सरकारी धाटणीच्या मोठ्या टेलिफोन कंपनीतील कारभाऱ्यांनी काय केले, ते समजण्यासाठी आपल्या टपालाकडे पाहू.

आपला सहा आकडी पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपलेच, आणि संस्कृत कवीही. त्यांच्या योजनेत पहिला आकडा 4 म्हटले की महाराष्ट्र-गोव्याकडचा भाग कळतो, 411 म्हटले की पुणे, आणि 411030 म्हटले की सदाशिव पेठ. आता समजा, टपाल वाटणाऱ्याला एकाने सांगितले, '411 ची सारी पत्रे मजकडे द्या', आणि दुसऱ्याने सांगितले, '411030 ची मजकडे द्या', तर सदाशिव पेठेचे पत्र तो दुसऱ्यालाच देईल. जो अधिक नेमके सांगतो त्याचे खरे धरायचे, असा जाळ्याचाही नियम आहे, आणि एरवी तो शहाणपणाचाच आहे.

यूट्यूब जगाला सांगत होते, 'या 1024 पत्त्यांची वाट माझ्याकडे.' पाकिस्तानातील कंपनीने आपल्या यंत्राला सांगितले, 'त्यांतल्या या 256 पत्त्यांची वाट माझ्याकडे', आणि आलेली पत्रे विहिरीत टाकण्याची व्यवस्था केली. हे देशापुरतेच राहायचे होते. पण ती घोषणा बाहेर गळाली व हाँगकाँगच्या ज्या कंपनीमार्फत त्यांचे जाळे जगाशी जोडलेले होते तिच्याकडे गेली. तिने 'हे पत्ते तुमचे कधीपासून?' असे विचारले नाही. ती घोषणा पुढे साऱ्या जगाला ऐकू गेली, आणि ती अधिक नेमकी होती!

आपल्याकडे तेव्हा रविवार सरून रात्रीचे बारा वाजून सतरा मिनिटे झाली होती. काही मिनिटांतच जगातल्या बहुतेक ठिकाणांहून यूट्यूबकडे निघालेली मागणी पाकिस्तानच्या विहिरीत पडू लागली. तीन पत्त्यांचे 256 झाले आणि एका देशाची बंदी पृथ्वीवर पसरली.

मघाशी आम्ही म्हटले, या माणसाने लढाई मारलेली नाही. त्या रात्री मात्र तिच्या जवळपास काहीतरी झाले. एक वाजून सदतीस मिनिटांनी यूट्यूबच्या माणसांनीही तेच 256 पत्ते नेमके सांगायला सुरुवात केली. आता दोघांचा आवाज सारखाच. ज्याला जो जवळ, त्याने त्याचे ऐकले. अकरा मिनिटांनी त्यांनी त्याचेही दोन तुकडे केले आणि 128 - 128 पत्त्यांची घोषणा केली. पण पुष्कळ जाळी 256 हून लहान तुकड्याची घोषणा स्वीकारीतच नाहीत, त्यामुळे हा डाव पुरता साधला नाही. अखेर दोन वाजून एकतीस मिनिटांनी हाँगकाँगच्या कंपनीने ती खोटी घोषणा आपल्याकडून काढून टाकली आणि गोंधळ मिटला. सव्वादोन तास झाले होते. कोणी कट केला होता असे दिसत नाही. हुकूम पाळला गेला, एवढेच.

यावर उपाय शोधले गेले नाहीत असे नाही. जुन्या मराठी पत्रांच्या शेवटी मोर्तब करीत, ते अशासाठी की मागाहून कोणी दोन ओळी वाढवू नयेत. 2011 च्या सुमारास पत्ते वाटणाऱ्या संस्थांनी असेच संगणकी मोर्तब देण्यास आरंभ केला. 'या पत्त्यांची वाट अमुक जाळ्यानेच सांगावी' असे पत्त्याचा मालक शिक्क्यानिशी लिहून ठेवतो, आणि शिक्का जुळला नाही तर घोषणा नाकारायची. पण शिक्का तपासायचा की नाही, हे पुन्हा ज्याच्या त्याच्या कारभाऱ्यावर. सगळे तपासत नाहीत. 16 एप्रिल 2021 रोजी आपल्याच देशातल्या एका मोठ्या टेलिफोन कंपनीच्या जाळ्यातून दुसऱ्यांच्या हजारो पत्तासमूहांच्या चुकीच्या घोषणा बाहेर पडल्या आणि काही मिनिटे जगभर अडथळे आले.

अडवण्याच्या हुकुमांचे म्हणाल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्यात 69-अ हे कलम आले व त्याखालचे नियम 2009 साली झाले. समिती आहे, सुनावणीची तरतूद आहे. मात्र तक्रार कोणाची व तिच्यावर काय केले हे गुप्त ठेवावे, असेही त्याच नियमांत आहे. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 66-अ हे कलम रद्द केले, पण 69-अ व त्याचे नियम कायम ठेवले. दरम्यान संकेतस्थळे कुलूपबंद लिफाफ्यांतून पाने पाठवू लागली आहेत. त्यामुळे मधल्या कारभाऱ्याला लिफाफ्यावरचे घराचे नाव बहुधा दिसते, आतले पान दिसत नाही. एकच पान अडवण्याचा हुकूम आला, तर त्याच्या हाती आज पुन्हा दिंडीदरवाजाचीच कडी आहे. बिऱ्हाडाला कुलूप फक्त घरमालकच लावू शकतो, आणि तो पुष्कळदा समुद्रापलीकडे राहतो.

आपल्या गावच्या कॉलेजात किंवा ग्रंथालयात एखादे निरुपद्रवी पान उघडले नाही, तर आपण काय करतो? 'नेट खराब आहे' म्हणतो आणि उठून घरी येतो. त्या कोपऱ्यातल्या खोलीपर्यंत जाऊन 'हे का अडले आहे, आणि कोणाच्या सांगण्यावरून?' असे विचारणारा वाचक आम्हांस अद्याप क्वचितच भेटला आहे. ॲडमिनला मात्र आम्ही हे विचारून पाहिले आहे. तो म्हणतो, विचारले तर दहातले बरेचसे तो तिथल्या तिथे मोकळे करून देऊ शकतो.