धोंडू : एका नावाविषयी तळटीप

* धोंडू : लेखिका थोरल्या भावाचा उल्लेख सर्वत्र याच नावाने करते. आजच्या वाचकाला ते हेटाळणीचे वाटेल, म्हणून हा खुलासा. ज्या घरात पाठोपाठ मुले दगावत, तिथे पुढच्या बाळाला मुद्दाम ओबडधोबड नाव ठेवत : धोंडू, दगडू, केरू, भिकू, उकिर्डा. धोंडा म्हणजे दगड. दृष्ट लागावी असे त्यात काही नाही, त्यामुळे काळाची नजर त्यावरून पुढे सरकेल, ही आशा. शिवाय मूल दगडासारखे टिकावे, ही इच्छाही. कुठे कुठे तर बाळ सुपात घालून उकिरड्यावर ठेवत, शेजारीण ते ‘सापडले’ म्हणून उचलून आणी आणि आई पसाभर धान्य देऊन आपलेच लेकरू तिच्याकडून विकत घेई. देवीच्या साथींच्या काळातल्या आईची धास्ती या नावात आहे.

नाव सर्व जातींत चाले. दुसऱ्या नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत; महर्षी कर्वे (१८५८–१९६२) धोंडो केशव; जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी. बालमृत्यू घटले तसे पाळण्यातून हे नाव ओसरले. आता आजोबा-पणजोबांच्या नावात तेवढे भेटते.

‘नकुशा’शी मात्र याची गल्लत करू नये. ते नाव मुलगी नको म्हणून ठेवलेले. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. धोंडू हा नवसासायासाने झालेला, हवाहवासा मुलगा. प्रस्तुत आवृत्तीत म्हणूनच नाव जसेच्या तसे ठेवले आहे. — संपा.