गगनबावड्याला न दिसणारं कोल्हापूर

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या तोंडी दोन आकडे असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका. मुंबईच्या वृत्तवाहिन्या पूर आला की कोल्हापूरकडे वळतात. शहरातल्या केबलवर पाणी चढत असतानाच फूट-इंच दिसत राहतात. ‘बी न्यूज’सारख्या स्थानिक वाहिनीचं मोल या फरकात आहे. पण नदीत येणारं पाणी ज्या डोंगरात पडतं, त्या गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवर केबलची वायर क्वचितच जाते. तिथे कौलांवर डिशची छत्री असते आणि छत्रीतून दिल्ली-मुंबई दिसते, कोल्हापूर नाही. हे असं का झालं, ते पाहण्यासाठी साठ वर्षं मागं जावं लागतं.

१९६३ मध्ये सांगलीला आकाशवाणी केंद्र सुरू झालं. मध्यम लहरी जमिनीलगत पसरतात, त्यामुळे डोंगराआडच्या गावालाही बाजारभाव आणि शेतीची माहिती मिळू लागली. दूरचित्रवाणीच्या लहरींचं तसं नाही. त्या सरळ रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की थांबतात. म्हणून २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा घाटापलीकडच्या पुण्यासाठी पुढच्या वर्षी सिंहगडावर प्रक्षेपक उभारावा लागला. कोल्हापूर तर त्याहून कितीतरी दक्षिणेला. १९७५-७६ मध्ये अमेरिकी उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही पोचवण्याचा प्रयोग झाला. त्यात शेजारच्या कर्नाटकातली गावं होती, महाराष्ट्रातलं एकही नव्हतं.

१९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांची रांग लागली. साधारण शंभर वॅटचं हे यंत्र उपग्रहावरून आलेला कार्यक्रम आसपासच्या वीसेक किलोमीटरपर्यंत पोचवी. जिल्ह्याच्या गावापुरतं ते ठीक होतं. सह्याद्रीच्या कुशीतली गावं तेव्हाही कोरडीच राहिली. आणि हा प्रक्षेपक स्वतः काही तयार करत नसे. वरून जे येईल, ते पुढं देणं एवढंच त्याचं काम.

स्थानिक वाहिनीचा जन्म झाला तो केबलवाल्याच्या खोलीत. १९९१ च्या आखाती युद्धानंतर परदेशी वाहिन्यांची ओढ लागली आणि गावोगावी मोठ्या डिश उभ्या राहिल्या. गच्चीवरून गच्चीवर वायर गेली. या वायरीत एखादी जागा रिकामी असे. केबलवाला त्यावर रात्री सिनेमा लावी, गावातल्या दुकानांच्या जाहिराती फिरवी. मग गणपतीची मिरवणूक आली, अंबाबाईचा नवरात्रोत्सव आला, फुटबॉलचे सामने आले आणि शेवटी बातमीपत्र आलं. सराफाच्या नि साडीच्या दुकानाने त्याचा खर्च उचलला. सरकारी योजना किंवा मोठं भांडवल मागं नसताना, इथल्या माणसांनी इथल्याच गिऱ्हाइकांच्या पैशावर हे उभं केलं. कोल्हापूरने याचा अभिमान बाळगायला हवा.

पण या जन्मातच मर्यादाही होती. वायर टाकायला घरं दाट लागतात. पेठेत एका खांबावरून दहा घरं जोडता येतात; डोंगरात एका वाडीतून दुसऱ्या वाडीत वायर न्यायची तर तिचा खर्च वर्गणीतून कधीच निघत नाही.

उपग्रह वाहिन्यांनी ही दरी भरून काढली नाही. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, २००० मध्ये ई टीव्ही मराठी. २०१६ मध्ये ‘तुझ्यात जीव रंगला’ सुरू झाली आणि वसगड्यात चित्रित झालेल्या या मालिकेने कोल्हापुरी बोली राज्याच्या घराघरांत नेली. गोष्टीतलं कोल्हापूर सगळीकडे गेलं, बातमीतलं कोल्हापूर शहराच्या वेशीवर राहिलं. २००३ नंतर आलेल्या घरगुती छत्रीने आणि २००४ च्या दूरदर्शनच्या मोफत सेवेने डोंगरातल्या घरांना प्रथमच स्वच्छ चित्र दिलं. पण उपग्रहावरच्या जागेचं भाडं जिल्ह्यापुरत्या वाहिनीला झेपत नाही, आणि मोफत सेवेतल्या खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो.

कायद्यालाही केबलवरची ही स्थानिक वाहिनी उशिरा दिसली. १९९५ च्या केबल कायद्याने केबलवाल्याला पोस्टात नोंदणी करायला लावली, दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवण्याची सक्ती केली. सेट टॉप बॉक्स आल्यावर वाहिन्यांची किल्ली लहान केबलवाल्याकडून मोठ्या वितरकाकडे गेली. वितरकांच्या स्वतःच्या वाहिन्यांसाठी सविस्तर नियम आले ते नोव्हेंबर २०२२ मध्ये, तेही किती दाखवायच्या याची मर्यादा घालत. दुर्गम गावाला त्या दिसायला हव्यात, अशी अट कुणीच घातली नाही.

ऑस्ट्रेलियाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. तिथल्या सरकारने उपग्रहावरून दूरच्या वस्त्यांना सेवा देणारे व्यापारी परवाने प्रदेशवार दिले. मध्य भागाचा परवाना आदिवासींच्या मालकीच्या ‘इम्पार्जा’ला मिळाला आणि १९८८ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जहून तिचं प्रक्षेपण सुरू झालं. जाहिराती तिथेही आहेत, पण दूरच्या माणसापर्यंत पोचणं हाच परवान्याचा पाया आहे.

आज स्थानिक बातमीपत्र मोबाइलवर येतं खरं, पण मुसळधार पावसात दरीतली रेंज जाते आणि नेमकी तेव्हाच बातमी हवी असते. म्हणून दूरदर्शनच्या मोफत सेवेत जिल्हा वाहिन्यांसाठी लिलावाविना एक जागा राखून ठेवावी. विभागातल्या जिल्ह्यांनी त्या जागेवरची वेळ वाटून घ्यावी, आणि पावसाळ्यात धरणांचा विसर्ग, बंद झालेले रस्ते, नदीची पातळी यांना पहिला मान द्यावा. जिल्ह्याची वाहिनी कशी चालवायची, हे कोल्हापूरच्या केबलवाल्यांनी तीस वर्षांपूर्वीच दाखवून दिलं आहे. ती डोंगरापर्यंत नेणं हे आता सरकारचं काम आहे.