उत्तर दिलं म्हणून दोनशे रुपये दंड : ‘समाजस्वास्थ्य’ ते बीडचा मोबाइल

कानात इअरफोन नीट घाला, कारण आजचा विषय घरात मोठ्याने बोलायचा नसतो असं आपल्याला शिकवलंय.

एक सांगा. रात्री सगळे झोपल्यावर, ब्राइटनेस कमी करून, तुम्ही कधी शरीराबद्दलचा एखादा प्रश्न सर्च केलाय? आणि शोधून झाल्यावर हिस्टरी डिलीट केलीये? लाजू नका. तुमच्या पणजोबांच्या काळातली पोरंही हेच करत होती, फक्त पोस्टाने.

जुलै १९२७. मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक सुरू झालं. संपादक रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. माणूस गणिताचा प्राध्यापक. १९२१ मध्येच त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. त्यापायी पुढे प्राध्यापकी गेली. घर चालवायला पत्नी मालतीबाईंची कमाई आधाराला होती.

या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असायची. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का? समलिंगी आकर्षण हा रोग आहे का? जे प्रश्न आई-बापाला विचारता येत नाहीत, तेच. कर्वे आडपडदा न ठेवता, शास्त्राला धरून उत्तर द्यायचे.

आणि याच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला उभा राहिला. अशा खटल्यात १९३१ मध्ये त्यांना एकदा शंभर रुपये दंड झालेला होताच. या वेळी त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, अशी बाजू त्यांनी मांडली. तरी केस हरले. दंड दोनशे रुपये. कर्वे थांबले का? नाही. १९५३ मध्ये वारले, तोवर मासिक चालूच होतं.

आता गाडी बीडकडे.

दिवाळी झाली की जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांचे ट्रक-ट्रॅक्टर निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. कामावर नाही गेलं तर खाडा, म्हणजे पैसे कापले. मागे गावात वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? मग तिचं लग्न उरकतात, आणि फडाला आणखी एक कोयता मिळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, बीडमधल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती.

पुढची गोष्ट २०१९ मध्ये देशभर गाजली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. अनेकींची तक्रार काय होती? अंगावरून पांढरं जाणं, पोटात दुखणं, पाळीचा त्रास. यातल्या कितीतरी तक्रारी औषधाने बऱ्या होऊ शकतात. पण ‘पिशवी खराब झालीये, कॅन्सर होईल’ असं कानावर पडलं, की नाही म्हणायला हातात काय असतं? पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर कमी वयातच पाळी जाते, हाडं ठिसूळ होऊ लागतात. दोष त्या बायांचा नाही. खाडा, गरिबी, फडावर शौचालय नसणं हे सगळं आहेच. पण ज्या वयात त्यांना शरीराची माहिती मिळायला हवी होती, त्या वयात कुणी दिली नाही, हेही खरं.

शाळेत मिळाली असती? २००७ मध्ये विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. म्हणजे १९३४ चीच भीती, ७३ वर्षांनी.

मग उरला मोबाइल. पण तिथे कर्वेही भेटतात आणि भोंदूही. ‘सात दिवसांत ताकद’ विकणारे तेव्हाही होतेच. त्यांच्यासाठी १९५४ मध्ये कायदा आला. लैंगिक शक्ती वाढवतो, पाळीचे विकार बरे करतो अशा औषधांच्या जाहिरातींवर त्यात बंदी आहे. तरी त्या तुमच्या फीडमध्ये येतातच ना?

म्हणून तीन गोष्टी बघा. लिहिणारा कोण आहे? माहिती कधीची आहे? आणि शेवटी काही विकतोय का? विकत असेल तर पुढे सरका. पुण्याच्या तथापि ट्रस्टची ‘लेट्स टॉक सेक्शुॲलिटी’ ही वेबसाइट मराठीत आहे, आणि तिथे वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं मिळतात. कर्व्यांचंच सदर म्हणा, फक्त पोस्टाशिवाय. समोरासमोर बोलायचं असेल तर सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतात. मन फार जड झालं तर १४४१६. आणि एखाद्या मैत्रिणीचं अठराच्या आत लग्न ठरत असेल तर १०९८.

हा एपिसोड कुणाला पाठवायचा, ते आता तुम्हाला सुचलं असेल. तिच्याकडे स्वतःचा फोन नसेल, तर तुमच्या फोनवर ऐकवा. भेटू पुढच्या भागात!