दहाला एक, दीडला दुसरी

(सर्व वेळा भारतीय)

26 डिसेंबर 2006, संध्याकाळ. तैवानच्या दक्षिणेला भूकंप होतो आणि पुढच्या काही तासांत समुद्रतळावरच्या इंटरनेटच्या अनेक केबल एकामागून एक तुटतात. दुरुस्तीला कित्येक आठवडे लागतात. अरुंद पट्ट्यात सगळ्या केबल टाकल्या की काय होतं, ते इथेच दिसलं होतं. तरी भारताला युरोपशी जोडणाऱ्या दोन मोठ्या केबल, 1997ची फ्लॅग आणि 2005ची सी-मी-वी 4, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या किनाऱ्याजवळ एकमेकींच्या शेजारीच राहतात. कागदावर मार्ग दोन, समुद्रात पट्टा एक.

बुधवार, 30 जानेवारी 2008, सकाळी 10.00. सी-मी-वी 4 तुटते. बेळगाव आणि निपाणीत ही कॉलेजची वेळ. परदेशी पानं हळू उघडतात, पण हळू नेटची इतकी सवय आहे की त्यात वावगं काही वाटत नाही.

दुपारी 1.30. किनाऱ्यापासून 8.3 किलोमीटरवर फ्लॅगही तुटते. मध्ये साडेतीन तास मिळाले होते. पण वाहतूक पूर्वेकडून, पॅसिफिकमार्गे वळवायची तर तिथली क्षमता आधीच घेऊन ठेवावी लागते. ज्या कंपन्यांनी ती घेतली होती, त्यांचं निभावतं.

दुपारनंतर. बेळगावच्या टिळकवाडीत कॉलेजच्या मुलांच्या भाड्याच्या खोलीत नेट अडलं की तपासणीचा क्रम ठरलेला असतो. आधी फोन उचलून डायलटोन ऐकायचा. मग स्प्लिटर काढून लाइन थेट मॉडेमला जोडायची. लॅनची पिन काढून, टक् आवाज येईपर्यंत पुन्हा बसवायची. मॉडेमला पिंग द्यायचं. त्या दिवशी ही प्रत्येक पायरी बिनचूक पार पडणारी होती, कारण खोलीतलं काहीच बिघडलेलं नव्हतं. दोष शोधायला आणखी दोन पिंग पुरतात: एक मुंबईतल्या सर्व्हरला, एक युरोपातल्या. पहिल्याला उत्तर आलं आणि दुसऱ्याला नाही, तर वायरला हात लावायचं कारण उरत नाही. सहसा हे दोन पिंग दिलेच जात नाहीत. मॉडेम बंद करून पुन्हा चालू केला जातो, मग नवी वायर आणली जाते, मग तक्रार क्रमांक घेतला जातो. या वेळी दोष सुमारे 4,800 किलोमीटरवर, पाण्याखाली होता. परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरण्याचे हे दिवस, आणि त्या मुलांना हे कुणी सांगितलं नाही, याचा मला आजही राग येतो.

रात्रीपर्यंत. देशाची निम्म्याहून अधिक बँडविड्थ गेल्याचं इंटरनेट पुरवठादारांची संघटना सांगते. आधी जहाजांच्या नांगरांवर संशय घेतला जातो. पुढे इजिप्तचं सरकार चित्रण तपासून म्हणतं, त्या वेळी तिथून एकही जहाज गेलं नाही.

शुक्रवार, 1 फेब्रुवारी, सकाळी 11.29. दुबईपासून 56 किलोमीटरवर तिसरी केबल, फाल्कन, तुटते. तिथे पाच-सहा टनांचा बेवारस नांगर सापडतो.

8 ते 10 फेब्रुवारी. तिन्ही केबल जोडल्या जातात. पट्टा तोच राहतो.

19 डिसेंबर 2008. भूमध्य समुद्रात सी-मी-वी 4 आणि फ्लॅग पुन्हा एकाच दिवशी तुटतात. या वेळी सी-मी-वी 3 सुद्धा.